फांशांतून निघालेली कादंबरी

फांसा म्हटला कीं आम्हां भारतीयांच्या डोळ्यांपुढें प्रथम द्यूतसभा उभी राहते. नळराजा फांशांपायीं राज्यास मुकला. धर्मराजानें फांशांवर भाऊ, स्वतः आणि शेवटीं द्रौपदी यांस पणास लावलें. फांशानें कोणाचें काय गेलें एवढेंच आम्हीं लहानपणापासून ऐकलें. फांशानें कोणास कांहीं दिलें, आणि तेंही वाङ्मयाच्या प्रांतांत दिलें, असें कोणीं सांगितलें असतें तर आम्हांस तें खरें वाटलें नसतें. म्हणूनच आमच्या महाविद्यालयांतील एक विद्यार्थी मध्यंतरीं एक जाडजूड इंग्रजी कादंबरी घेऊन आला आणि 'हिच्यांतील जग लिहिलें जाण्यापूर्वीं मित्रमंडळींत फांशांनीं खेळलें गेलें आहे,' असें म्हणाला, तेव्हां आम्हीं तें पुस्तक थोड्याशा तुच्छतेनेंच हातीं घेतलें. त्याला स्वतःलाही तशीच एक कादंबरी लिहावयाची होती. वसतिगृहाच्या खोलींत त्यानें आणि त्याच्या चार मित्रांनीं तीन वर्षें असा एक खेळ चालविला होता. आतां पदव्या घेऊन मित्र चार दिशांस पांगले, आणि खेळ मोडला. त्याची अडचण निराळीच होती. 'सर, गोष्ट आम्हां पांचजणांची आहे. पुस्तकावर नांव माझ्या एकट्याचें घातलें तर चालेल का?'

या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं तयार नव्हतें. कादंबरी ही एका माणसाच्या एकांतांतील निर्मिति, असें आम्ही तीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों आहों. जी गोष्ट चारपांच जणांच्या गलबल्यांत जन्मली, तिचा लेखक कोण? उत्तर शोधावयाचें तर अशा कादंबऱ्यांचा इतिहास पाहणें प्राप्त होतें. तो उणापुरा अर्ध्या शतकाचा आहे. परंतु त्याचीं मुळें बरींच खोल गेलेलीं आहेत.

प्रथम हा खेळ कसा असतो तें सांगितलें पाहिजे. चारपांच गडी एका मेजाभोंवतीं बसतात. प्रत्येकजण एकेक सोंग घेतो. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर, कोणी देवतेचा उपासक. एकजण मात्र असें सोंग घेत नाहीं, तो सूत्रधार. समोर काय दिसतें तें तो सांगतो: 'तुम्ही एका पडक्या किल्ल्याच्या दाराशीं उभे आहां. आंतून धूर येत आहे. काय करतां?' मग प्रत्येकानें आपल्या सोंगास शोभेल असें उत्तर द्यावयाचें. केलेला बेत तडीस जाईल कीं फसेल, याचा निकाल गड्याच्या हातीं नसतो आणि बव्हंशीं सूत्रधाराच्याही नसतो. तो फांशांच्या हातीं असतो. हे फांसे आमच्या सारीपाटाच्या फांशांसारखे नव्हेत. त्यांत चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे प्रकार असतात. कोंकणांतील दशावतारी नाटक ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस यांतला अर्धा भाग चटकन् समजेल. तेथेंही आख्यान ठरलेलें असतें, पण संवाद नट उभ्या उभ्या रचतात. फरक इतकाच कीं, दशावतारांत शेवटीं राक्षस मरणार हें सर्वांस ठाऊक असतें. येथें तें कोणासच ठाऊक नसतें. असा खेळ एका रात्रींत संपत नाहीं. तीच मंडळी तींच सोंगें घेऊन महिनोन् महिने, कधीं वर्षानुवर्षें जमते, आणि या दीर्घ खेळास मोहीम म्हणतात.

या खेळाचा वंश शोधीत गेलें तर मूळपुरुष सैनिक निघतो. प्रशियाच्या सैन्यांतील राइसवित्झ नांवाच्या अधिकाऱ्यानें, वडिलांच्या कल्पनेंत सुधारणा करून, १८२४ सालीं नकाशावर खेळावयाचा युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यांत फांसे होते, निवाडा देणारा पंचही होता. हेतु अर्थात् अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा. इ. स. १९१३ मध्यें एच. जी. वेल्स यानें 'लिट्ल् वॉर्स' हें पुस्तक लिहून खेळण्यांतल्या शिपायांच्या लढाईचे नियम घरगुती करमणुकीसाठीं घालून दिले. परंतु या सर्व खेळांत माणूस सैन्य चालवी. तो स्वतः कोणी नसे. ही उणीव अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत, जवळजवळ अपघातानें, भरून निघाली. तेथें १९६९ सालीं डेव्हिड वेस्ली यानें ब्राउनस्टाइन या कल्पित प्रशियन गांवाभोंवतीं एक लढाई मांडली, आणि कांहीं गड्यांस सैन्याऐवजीं गांवांतील एकेक व्यक्ति नेमून दिली. कोणी नगराध्यक्ष, कोणी पेढीवाला, कोणी विद्यापीठाचा अधिपति. झालें असें कीं, लढाई राहिली बाजूला आणि ही मंडळी आपापसांत कारस्थानें करीत सुटली. वेस्लीस वाटलें कीं आपला खेळ फसला. गड्यांस तो इतका आवडला कीं त्यांनीं पुन्हा मागितला. त्यांच्यापैकींच डेव्ह आर्नेसन यानें पुढें ब्लॅकमूर नांवाचें अद्भुत राज्य कल्पून तेथील भुयारांत आपल्या मित्रांस उतरविलें. नंतर विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा या गांवच्या गॅरी गायगॅक्स याच्या सहकार्यानें १९७४ सालीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ छापून निघाला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या एक हजार होत्या.

परंतु वाङ्मयाच्या इतिहासकारानें येथूनच आरंभ केला तर त्याचा इतिहास अपुरा राहील. याच्या दीडशें वर्षें आधीं, १८२६ च्या जून महिन्यांत, यॉर्कशरमधील हॉवर्थ गांवच्या एका धर्मोपदेशकानें लीड्सहून आपल्या मुलासाठीं बारा लांकडी शिपाई आणले. त्या मुलानें ते बहिणींस दाखवितांच प्रत्येकीनें एकेक उचलला आणि त्यास नांव दिलें. थोरलीनें आपल्या शिपायास वेलिंग्टन केलें, भावानें बोनापार्ट. पाहतां पाहतां या शिपायांनीं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वसाहत केली, तेथें राज्यें झालीं, राजकारणें झालीं, नियतकालिकें निघालीं. तीं नखाएवढ्या अक्षरांत मुलेंच लिहीत. हीं मुलें म्हणजे शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन हीं ब्राँटे भावंडें. फांसे नव्हते इतकेंच. सोंगें होतीं, मोहीम होती आणि सूत्रधार तर एक सोडून चार होते. तीं स्वतःस त्या जगांतील जिन म्हणवीत, आणि लढाईंत पडलेल्या शिपायास वाटेल तेव्हां पुन्हा जिवंत करीत.

या शेवटच्या गोष्टीकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधितों. खेळांत मरण स्वस्त असतें. शार्लटनें तेविसाव्या वर्षाच्या सुमारास त्या कल्पित राज्याचा लेखी निरोप घेतला, आणि १८४७ सालीं तिची 'जेन आयर' प्रसिद्ध झाली. त्या कादंबरींत आरंभींच्या शाळेंतच जेनची मैत्रीण हेलन मरते, ती मेलेलीच राहते. कोणताही जिन तिला उठवीत नाहीं. खेळ आणि कादंबरी यांमधील सीमारेषा आमच्या मतें येथें आहे. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. एमिली आणि ॲन यांनीं गाँडल नांवाच्या बेटाचा खेळ पुढें मोठेपणींही चालू ठेवला होता. त्याचें गद्य सर्व नष्ट झालें. एमिलीच्या कांहीं कविता उरल्या. परंतु त्यांतील कोणती कोणाच्या मुखीं आहे, याचा पंडित अजून तर्कच करीत असतात. खेळ हा खेळणाऱ्यांबरोबर जातो.

आतां छापील खेळाच्या काळांतील कादंबऱ्यांकडे वळूं. गायगॅक्सच्या मेजावर जाऊन तो खेळ स्वतः पाहिलेल्या आंद्रे नॉर्टन या नामांकित लेखिकेची 'क्वाग कीप' १९७८ सालीं निघाली. खेळणारीं माणसेंच खेळाच्या जगांत ओढलीं जातात, अशी तिची कल्पना आहे. ती खेळाविषयींची कादंबरी झाली. खेळांतून आलेली नव्हे. खरा आरंभ पुढें १९८४ सालीं झाला असें आम्ही समजतों.

त्यापूर्वीं दोन वर्षें ट्रेसी हिकमन आणि त्याची पत्नी लॉरा हीं युटामधून विस्कॉन्सिनकडे, गायगॅक्सच्या प्रकाशनसंस्थेंत नोकरीवर रुजू होण्यास मोटारीनें निघालीं होतीं. त्या लांबच्या प्रवासांत वेळ घालविण्यासाठीं त्यांनीं एक जग रचिलें, आणि त्यांतून 'ड्रॅगनलान्स' ही खेळपुस्तकांची आणि कादंबऱ्यांची माला निघाली. कादंबरी लिहिण्याचें काम दुसऱ्यावर सोंपविलें होतें. तें मनासारखें होईना, म्हणून संस्थेंतील संपादिका मार्गरेट वाइस आणि हिकमन यांनीं तें आपल्या अंगावर घेतलें. 'ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट' हा पहिला भाग १९८४ च्या अखेरीस आला.

या भागाचे दोष उघड आहेत. कथानक खेळपुस्तकाच्या पाठोपाठ चालतें; एका भुयारांतून दुसऱ्या भुयारांत, एका झटापटींतून दुसऱ्या झटापटींत. पण त्यांत एक पात्र असें आहे कीं तें वाचकाच्या मनांतून जात नाहीं. रेस्टलिन हा क्षीण प्रकृतीचा मांत्रिक. त्याचा आवाज कुजबुजल्यासारखा, घशांत खरखरणारा. हा आवाज कोठून आला? हिकमनच्या घरीं खेळाची पहिली परीक्षा घेतली गेली, तेव्हां मांत्रिकाचें सोंग एका मित्राकडे आलें, आणि तो सहज तसल्या खरखरत्या आवाजांत बोलूं लागला. मेजाभोंवतालची मंडळी चमकली. वाइसबाईंनीं तो आवाज उचलला. त्या मित्रानें दिला तो केवळ आवाज. परंतु हा मनुष्य असा कां बोलतो, हा प्रश्न लेखकांस पडला. आणि त्याचें उत्तर म्हणून एका भयंकर परीक्षेंत विद्येसाठीं शरीर मोडून घेतलेला तरुण, त्याचा धडधाकट जुळा भाऊ, त्या दोघांमधील प्रेम आणि मत्सर, हें सारें उभें राहिलें. १९८६ सालच्या दुसऱ्या त्रयींत हाच रेस्टलिन देवत्वावर हात टाकण्यास निघतो. कादंबरीकार नेहमीं सांगतात कीं, आमचीं पात्रें आमचें ऐकत नाहींत. येथें तें अक्षरशः खरें होतें. पात्राच्या आंत खरोखरच दुसरा कोणी बसलेला होता.

मरणाचा प्रश्न या मालेंत फार स्पष्टपणें पुढें आला. खेळपुस्तकें आणि कादंबऱ्या बरोबरच निघत असल्यामुळें, कादंबरीस हवें असलेलें पात्र कोणाच्या फांशानें मेलें तर काय करावें, अशी पंचाईत होती. म्हणून खेळपुस्तकांत असा नियमच घातला कीं, असें मरण सूत्रधारानें संदिग्ध ठेवावें. प्रेत सांपडूं देऊं नये, म्हणजे त्या पात्रास पुढें परत आणतां येईल. हा ब्राँटे भावंडांचा जिनच नव्हे काय? उलट १९८५ सालच्या 'ड्रॅगन्स ऑफ विंटर नाइट' या दुसऱ्या भागांत स्टर्म नांवाचा सरदार किल्ल्याच्या तटावर एकटा उभा राहून मरतो, आणि त्यास मारणारी त्याची जुनी सोबतीणच असते. हें मरण कोणत्याही फांशावर अवलंबून नाहीं. त्याच्या साऱ्या स्वभावाचा, त्याच्या वेड्या अभिमानाचा आणि इमानाचा तो शेवट आहे. फांशानें मृत्यु येतो. त्यास अर्थ येत नाहीं. तो अर्थ लेखकास आणावा लागतो, आणि ज्या ठिकाणीं तो आणतो त्या ठिकाणीं खेळ संपून कादंबरी सुरू होते.

दुसरें उदाहरण ऋणाचें आहे. रेमंड फीस्ट हा सॅन डिएगो येथील विद्यापीठांत असतांना तेथील एका मित्रमंडळांत खेळे. शुक्रवारीं रात्रीं जमणाऱ्या या मंडळानें मिडकेमिया नांवाचें जग रचिलें होतें. तें एकट्या फीस्टचें नव्हतें, आणि तसा दावाही त्यानें केला नाहीं. त्यानें युक्ति केली ती इतिहासकाराची. मित्रांच्या मोहिमा ज्या काळांत घडत, त्याच्या कित्येक शतकें आधींचा काळ त्यानें घेतला, आणि तेथें आपलीं माणसें वसविलीं. १९८२ सालीं निघालेल्या 'मॅजिशियन' या कादंबरीच्या पाठीशीं जें भक्कम जग जाणवतें, त्याचें कारण हेंच. एखाद्या जुन्या शहरांत शिरावें आणि प्रत्येक गल्लीस पूर्वींपासून नांव असावें, तसें तें वाटतें. परंतु या सामायिक धनांत एक धोका होता. त्या कादंबरींत दुसऱ्या एका जगांतून स्वारी येते. तें जग एम. ए. आर. बार्कर या मिनेसोटा विद्यापीठांतील प्राध्यापकाच्या टेकुमेल या जगासारखें आहे, असें जाणत्या वाचकांनीं दाखविलें. बार्करचा खेळ १९७५ सालींच छापला गेला होता. फीस्टचें म्हणणें असें पडलें कीं, मंडळाच्या जुन्या खेळांत ती स्वारी पूर्वींच होऊन गेली होती. तिचें मूळ कोठें आहे हें न जाणतां त्यानें ती मंडळाचाच इतिहास म्हणून घेतली. हें प्रांजळ आहे. मेजावर उसनें आणलेलें कोणी विचारीत नाहीं. तें छापलें कीं मालक निघतो.

तिसरें उदाहरण जपानांतील. तेथें १९८६ सालीं 'कॉम्प्टिक' या मासिकांत एका मंडळीच्या खेळाचा वृत्तान्त, झालेल्या संवादांसकट, नाटकासारखा छापून येऊं लागला. या वाङ्मयप्रकारास तेथें 'रीप्ले' असेंच म्हणतात. सूत्रधार होता र्यो मिझुनो. त्यानें १९८८ सालापासून याच खेळावरून 'लोडोस बेटाच्या युद्धाची बखर' ही कादंबरीमाला लिहिली. तिची नायिका डीडलिट ही अरण्यवासी, दीर्घायुषी जातीची तरुणी. आणि खेळांत तिचें सोंग घेतलें होतें हिरोशि यामामोतो या पुरुष लेखकानें! स्त्रीपार्ट करणारे नट पाहिलेल्या महाराष्ट्रास यांत नवल वाटूं नये. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, येथें वाचकांनीं खेळ आधीं वाचला होता आणि कादंबरी मागाहून. कच्चा माल आणि पक्का माल दोन्ही त्यांच्यापुढें होते. संवादांत काय बोललें गेलें तें कळतें. न बोललेलें काय होतें तें कळत नाहीं. मेजावर डीडलिट बोले. कादंबरींत ती गप्प बसलेलीही दाखवितां येते, आणि तें गप्प बसणें लेखकाचें असतें.

शेवटचें आणि आमच्या मतें सर्वांत प्रौढ उदाहरण कॅनडांतील दोन मित्रांचें. स्टीव्हन एरिकसन आणि इयन एसलमाँट हे दोघेही पुरातत्त्वाचे अभ्यासक. १९८२ च्या सुमारास त्यांनीं आपल्या खेळासाठीं मलाझन साम्राज्याचें जग रचण्यास आरंभ केला. त्यांतील एका कथेची प्रथम चित्रपटकथा केली, ती खपली नाहीं. मग एरिकसननें तिची कादंबरी केली, आणि 'गार्डन्स ऑफ द मून' ही १९९९ सालीं प्रसिद्ध झाली. २०११ पर्यंत तिचे दहा भाग पुरे झाले. उत्खनन करणाऱ्यास जमीन जशी दिसते तसा येथें काळ दिसतो. एका साम्राज्याखालीं दुसरें, त्याखालीं तिसरें. वाचकास कोणी हात धरून नेत नाहीं. तो एकदम मध्येंच जाऊन पडतो आणि पुष्कळदां गोंधळतो. हा गोंधळ हाच अनेकांचा आक्षेप आहे, आणि तो अगदींच खोटा नाहीं. परंतु या ग्रंथांतील सामान्य शिपायांचें आपसांतील बोलणें, थट्टा आणि निष्ठा वाचतांना, वर्षानुवर्षें एका मेजावर बसलेल्या माणसांची सलगी त्यांत उतरली आहे असें वाटल्यावांचून राहत नाहीं. पहिला भाग एसलमाँटलाच अर्पण केलेला आहे. आणि त्यानेंही पुढें त्याच जगावर स्वतःच्या कादंबऱ्या लिहिल्या. एक जग, दोन लेखक, भांडण नाहीं.

या प्रकारच्या कादंबऱ्यांवर साधारणतः दोन आक्षेप येतात. पहिला, त्या अद्भुत आहेत, म्हणजे पोरकट आहेत. 'मुक्तामाला' आणि 'मंजुघोषा' यांच्यानंतर हरिभाऊंची कादंबरी आली, तेव्हांपासून आम्हां मराठी सुशिक्षितांस अद्भुताची थोडी लाजच वाटत आली आहे. या आक्षेपास येथें उत्तर देण्याचें कारण नाहीं. महाभारत वाचणाऱ्यास तें ठाऊक आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, तो असा कीं, या कादंबऱ्यांतून फांशांचा खडखडाट ऐकूं येतो. योद्धा, मांत्रिक, चोर आणि उपासक अशी नमुन्यादाखल जमविलेली टोळी. प्रत्येकाचा एकेक गुण. आणि लढाई, लूट, पुन्हा लढाई हा क्रम. बहुसंख्य पुस्तकांबाबत हें खरें आहे, आणि तीं विसरलींही गेलीं आहेत. परंतु जीं राहिलीं, त्यांच्या लेखकांनीं योग्य वेळीं खेळ हातावेगळा केला. मित्रांनीं दिलेला आवाज, सलगी आणि अनपेक्षितपणा त्यांनीं ठेवला. फांशानें दिलेला निकाल मात्र पुन्हा तपासून घेतला.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं जें सांगितलें तें येथें लिहून हा लेख संपवितों. कादंबरी लिहावयाची तर ती त्यानें लवकर लिहावी. गाँडलचें काय झालें तें त्यास ठाऊक आहे. लिहिण्यापूर्वीं चारही मित्रांस विचारावें, आणि कोणाची कोणती वस्तु त्यानें घेतली तें प्रस्तावनेंत स्पष्ट नोंदवावें. नांव त्याचें एकट्याचें असण्यास हरकत नाहीं. मात्र तें पहिला फांसा त्यानें टाकला म्हणून नव्हे. एका मित्राचें पात्र तिसऱ्या वर्षीं फांशावर एक पडल्यामुळें मेलें होतें, आणि त्या रात्रीं सारे हंसले होते, असें त्यानें सांगितलें होतें. तें मरण त्यानें प्रथम लिहावें, असें आम्हीं सुचविलें. तें वाचून तो मित्र हंसला नाहीं, तर पुस्तक याचें.

गेल्या आठवड्यांत त्याचें पत्र आलें. तें प्रकरण तीन वेळां लिहून फाडलें, असें तो कळवितो. आम्हांस हें चिन्ह बरें वाटतें.